बोलण्याआधी बोट पाहा: लहान मुलांमधला ऑटिझम आणि एडीएचडी

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चार वर्षांपर्यंत गप्पच होते’, ‘शाळेत गेला की सुटेल तोंड’. दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की घरात ही वाक्यं हमखास ऐकू येतात. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे थांबवून थांबत नाहीत. पण शब्द नसतानाही ती मुलं गप्प नसतात. बोट दाखवतात, हाताला धरून ओढतात, मान हलवून नको म्हणतात, काही गंमत झाली की आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. म्हणून शब्द मोजण्याआधी बोट पाहायचं.

बोट दाखवणं दोन प्रकारचं असतं. एक मागण्यासाठी: फडताळावरच्या बिस्किटाच्या डब्याकडे. दुसरं नुसतं दाखवण्यासाठी: खिडकीत कावळा आला, मूल बोट करतं, कावळ्याकडे बघतं आणि मग वळून तुमच्याकडे बघतं, तुम्हालाही दिसला ना हे तपासायला. कावळा, मूल आणि तुम्ही असा नजरेचा हा त्रिकोण साधारण १८ महिन्यांपर्यंत दिसायला हवा. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या विकासातला असा वेगळेपणा, ज्यात माणसांशी देवाणघेवाण कमी असते आणि वागणं ठरावीक साच्याचं असतं. ऑटिझम असलेली बरीच मुलं हवं ते मिळवतात, पण वेगळ्या वाटेने. तुमचं मनगट धरून फ्रीजच्या दांडीवर नेऊन ठेवतात, चेहऱ्याकडे न बघता. तुमचा हात त्या क्षणी सांडशीसारखा वापरला जातो.

कोणत्या वयात काय पाहायचं

वर्षाच्या आत नावाने हाक मारल्यावर मूल वळायला लागतं. ही तपासणी नीट करा. टीव्ही बंद, मूल खेळात, तुम्ही मागे किंवा बाजूला, नेहमीच्या आवाजात फक्त नाव घ्या. चुटकी नाही, ‘चॉकलेट’ नाही. थोड्या थोड्या वेळाने चारपाच वेळा करा. वेफरच्या पाकिटाचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखणारं मूल नावाला मात्र वळत नसेल, तर नोंद करून ठेवा.

वर्षाच्या आसपास टाटा करणं, टाळ्या, ‘बाप्पाला जय कर’ म्हटल्यावर हात जोडणं अशी नक्कल येते. १६ महिन्यांपर्यंत एकेक शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची स्वतःची जोडणी: ‘आई ये’, ‘पाणी नको’. स्वतःची हा शब्द इथे महत्त्वाचा. जाहिरातीची अख्खी ओळ सुरात म्हणणारं मूल ‘पाणी दे’ म्हणत नसेल, तर त्याला बोलता येतं असं धरू नका. दीड-दोन वर्षांनंतर खोटं खोटं खेळणं सुरू होतं, रिकाम्या कपातून चहा पिणं, बाहुलीला भरवणं.

यासोबत वेगळेपणाच्या खुणा असतात: गाडी चालवण्याऐवजी तासन्तास तिचं चाक फिरवणं, वाट्यांची रांग आणि ती मोडली की आकांत, मिक्सर लागताच कानावर हात, शर्टाच्या लेबलचा त्रास, चवड्यांवर चालणं, ताटात फक्त पांढरं अन्न. यातली एखादी गोष्ट बहुतेक लहान मुलांत असतेच. पंख्याकडे बघत बसणं म्हणजे ऑटिझम नव्हे. देवाणघेवाणीची उणीव आणि या खुणा दोन्ही एकत्र आणि सातत्याने दिसल्या, तर अर्थ आहे. मुलींमध्ये हे सहज निसटतं. शांत आहे, एकटी खेळते, गुणी आहे, असं म्हणून शाळेत जाईपर्यंत कुणी बघत नाही.

आधी येत असलेले शब्द, टाटा किंवा नजर गेली असेल, तर मात्र पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मूल कोणत्याही वयाचं असो.

तपासणीचा क्रम

सुरुवात घरच्या चित्रफितींनी करा. दोन-दोन मिनिटांच्या पाच पुरतात: जेवताना, एकटं खेळताना, दुसऱ्या मुलासोबत, नावाने हाक मारताना आणि बिनसलेलं असताना. दवाखान्यात मूल पहिली वीस मिनिटं एकतर रडतं नाहीतर टेबलाखाली असतं. घरचं मूल डॉक्टरांना फोनमध्येच दिसतं.

मग एम-चॅट-आर ही प्रश्नावली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, २० प्रश्न, उत्तरं हो किंवा नाही. बहुतेक प्रश्नांत ‘नाही’ला एक गुण. फक्त २, ५ आणि १२ या तीन प्रश्नांत ‘हो’ला एक गुण, आणि घरी बेरीज करताना चूक नेमकी इथे होते. ० ते २ गुण म्हणजे शक्यता कमी, पण मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा करायची. ३ ते ७ असतील तर डॉक्टर किंवा प्रशिक्षित व्यक्ती त्याच प्रश्नांवर सविस्तर विचारतात. ८ किंवा जास्त असतील तर थेट पूर्ण तपासणीकडे. ही फक्त चाळणी आहे. गुण जास्त आले म्हणून ऑटिझम ठरत नाही.

तिसरी पायरी कानांची, आणि ती टाळायची नाही. टाळी वाजवली की दचकतो, म्हणजे ऐकू येतं, हा समज चुकीचा आहे. कानात द्रव साचलेल्या किंवा उंच पट्टीचे आवाज न ऐकू येणाऱ्या मुलाला दार आपटलेलं कळतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी) आणि गरज पडली तर बेरा (आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी) ही चाचणी करून घ्या. बेरा झोपेत करतात, म्हणून त्या सकाळी मुलाला लवकर उठवून दमवून न्यायचं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. निदान वागणुकीच्या निरीक्षणावर आणि पालकांच्या माहितीवर होतं. झटके येत असतील, मुलाचं आधी येत असलेलं काही गेलं असेल किंवा तपासताना काही वेगळं आढळलं, तरच डॉक्टर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) वा एमआरआय सांगतात. कोणी पहिल्याच भेटीत तपासण्यांची लांबलचक यादी दिली, तर प्रत्येकीचं कारण विचारा.

निदान कोण करतं? विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ, सोबत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. आपल्याकडे आयसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात: ७०च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. सरकारी वाट २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट न बघता अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः सांगितलं तरी चालतं.

तारीख मिळायला कधी कधी महिने लागतात. ते महिने वाया घालवायचे नाहीत. खाली दिलेलं काम निदान कोणतंही निघालं तरी फुकट जात नाही.

घरचं काम: साबणाचे फुगे

थेरपीच्या दोन-तीन तासांनी आठवडा भरत नाही, तो घरातच भरतो. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, जमिनीवर, मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून.

साबणाच्या फुग्यांची बाटली घ्या. एकदा फुगे उडवा. झाकण घट्ट लावा. बाटली तुमच्या गालाशी धरा, म्हणजे बाटलीकडे बघताना चेहराही दिसतो. आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजत. सगळं इथेच बिघडतं. तिसऱ्या सेकंदाला ‘काय हवंय? फुगा? बोल, फु-गा, बोल ना’ सुरू होतं आणि मुलाची पाळी येतच नाही. गप्प राहा, भुवया उंचावून वाट बघा. मूल नजर देईल, हात पुढे करेल, ‘उं’ करेल, तुमचा हात ढकलेल. यातलं काहीही झालं की त्याच क्षणी ‘फुगा!’ म्हणा आणि उडवा. पाच-सहा फेऱ्या, कंटाळा येण्याआधी बंद. दहा सेकंदांत रडू येत असेल तर दोन सेकंदांवर या. आठवड्याभराने थोडं जास्त मागा: आधी नुसता हात चालत होता, आता हात आणि नजर.

हीच युक्ती कशातही बसते. वाटीत चारच चुरमुरे द्यायचे, बाकी पारदर्शक डब्यात. झोका मध्येच थांबवायचा. अंघोळीला तांब्या डोक्यावर धरून ‘एक... दोन...’ म्हणायचं आणि ‘तीन’ त्याच्यासाठी ठेवायचं. जे मूल मागण्याआधीच सगळं हातात मिळवतं, त्याला मागायचं कारणच उरत नाही. आजी-आजोबांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर ते प्रेमाने सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात.

बोलताना मुलापेक्षा एकच शब्द पुढे. ते काही बोलत नसेल तर तुम्ही एकशब्दी: ‘पाणी’. ते ‘पाणी’ म्हणतं तर तुम्ही ‘गार पाणी’. ‘हे काय आहे? कोणता रंग? काऊ कसा करतो?’ अशी दिवसभराची तोंडी परीक्षा बंद. प्रश्न एक विचारलात तर नुसतं वर्णन चारदा करा.

शाळा इंग्रजी माध्यमाची असल्याने घरात फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. उलट आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली की मुलाशी बोलणारी माणसं कमी होतात. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गाणी म्हणता येतात, ती वापरा.

स्क्रीनचा प्रश्न येतोच. दोन वर्षांपर्यंत जवळजवळ शून्य आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दिली. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं निदान मात्र कुठल्याही मान्य यादीत नाही. फोन कमी केल्यावर बोलण्यात फरक पडतो, कारण माणसांशी घालवायचा वेळ वाढतो. पण फोन बंद केला म्हणून तपासणी रद्द करू नका. फोन काढताना जेवणापासून सुरुवात करा, आणि पहिले चार-पाच दिवस आरडाओरडा होणार हे गृहीत धरा.

न बोलणाऱ्या मुलाला चित्रं द्या. घरातल्याच वस्तूंचे फोटो, प्रिंट काढून, लॅमिनेट करून, मागे वेल्क्रो. आधी दोनच, सगळ्यात आवडत्या गोष्टींचे. चित्र हातात दिलं की वस्तू लगेच मिळाली पाहिजे. चित्रं दिली तर बोलणार नाही ही भीती खूप जणांना असते, पण चित्रं बोलणं अडवत नाहीत. चित्रांचीच एक पट्टी ‘आधी–मग’ची करा: डावीकडे अंघोळ, उजवीकडे झोका.

हट्ट की कोसळणं

हट्टाला प्रेक्षक लागतो. कोणी बघत नसेल तर हट्ट विरतो आणि हवं ते मिळालं की संपतो. ऑटिझममधलं कोसळणं वेगळं असतं. मिरवणुकीतला ढोल, लग्नाच्या हॉलमधले दिवे आणि गर्दी, अचानक बदललेला रस्ता यांनी मूल भरून वाहतं, आणि मग वस्तू दिली तरी थांबत नाही. त्या वेळी शब्द कमी करा, आवाज खाली, गर्दीबाहेर, शक्य असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात. समजावणं नंतर. गणपती-दिवाळीला कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन जवळ ठेवा, आणि ते आदल्या आठवड्यात घरी घालायची सवय करून घ्या. नवं हेडफोन ऐन मिरवणुकीत कुठलंच मूल घालून घेत नाही.

अशी वेळ वारंवार येत असेल तर वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवड्यांत कारण बहुधा पहिल्या रकान्यातच सापडतं. भूक, बद्धकोष्ठता, दातदुखी, कानदुखी ही कारणं न बोलणाऱ्या मुलात सारखी विसरली जातात.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट गंभीर आहे. यातली काही मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. दाराला मुलाच्या हाताच्या वर कडी, विहीर-हौद-तळ्याचं शेजाऱ्यांना सांगून ठेवणं, कपड्याला किंवा गळ्यातल्या पदकाला तुमचा फोन नंबर. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या जागा पाहायच्या.

एडीएचडी: घाई नको

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्थिर बसणं किंवा आवेग आवरणं वयाच्या मानाने खूपच जड जाणं. इथे सल्ला उलटा आहे. ऑटिझममध्ये थांबू नका, एडीएचडीचा शिक्का मात्र लवकर मारू नका. चार वर्षांच्या आत हे निदान सहसा करत नाहीत, कारण तीन वर्षांचं निरोगी मूलही सोफ्यावरून उड्या मारतच असतं. निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत, आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, जसं घर आणि शाळा. फक्त शाळेत दिसत असतील तर शाळेत काय चाललंय ते पाहा, फक्त घरी दिसत असतील तर घरात. वर्गातलं वयाने सगळ्यात लहान मूल चंचल वाटणं स्वाभाविक आहे, पण शिक्का त्याच्यावरच जास्त बसतो.

एडीएचडी म्हणजे फक्त धावपळ नाही. डबा रोज विसरणारी, सूचना अर्धी ऐकणारी, खिडकीबाहेर हरवलेली शांत मुलगीही त्यात येते. ‘कार्टून दोन तास बघतो, मग लक्ष कसं नाही?’ असं विचारतात. दर दोन सेकंदांनी बदलणाऱ्या चित्राला लक्ष द्यावं लागत नाही, चित्रच ते धरून ठेवतं.

दुसरी कारणं आधी काढून टाका. तोंडाने श्वास घेणारं, घोरणारं मूल रात्री नीट झोपत नाही आणि दिवसा चिडचिडं, सैरभैर होतं. तिथे अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची, घशाच्या वरची गाठ) तपासायचे. रक्तातलं लोह पाहा. काही सेकंद एकटक शून्यात बघून पुन्हा जागं होणारं मूल ‘लक्ष नसलेलं’ नसून त्याला सूक्ष्म झटके येत असू शकतात. आणि कान इथेही पाहायचेच.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पहिला उपचार पालकांचं प्रशिक्षण हा आहे, गोळी नव्हे. सूचना देण्याची रीत बदला. स्वयंपाकघरातून ‘आवर, बूट घाल, दप्तर कुठंय, रोजचं नाटक आहे’ ही एक सूचना नाही, चार आहेत आणि एक टोमणा. जवळ जा, खांद्याला हात लावा, एकच गोष्ट सांगा: ‘बूट घाल.’ पाच सेकंद थांबा. घातले की लगेच: ‘पहिल्यांदा सांगितल्यावर बूट घातलेस.’ नुसतं ‘शाब्बास’ कशासाठी ते मुलाला कळत नाही. बक्षीस त्याच दिवशी: चार टिकल्या झाल्या की संध्याकाळी सायकलची एक जास्त फेरी. ‘महिनाभर नीट वागलास तर मोठी गाडी’ ही योजना दुसऱ्या दिवशीच मरते, कारण महिना त्याला दिसतच नाही.

अभ्यास दहा मिनिटं, मग तीन मिनिटं हालचाल: पाण्याच्या बाटल्या भरून आणणं, कणीक मळायला मदत, जिना एकदा खाली-वर. हे शिक्षा म्हणून नाही, मधली सुट्टी म्हणून.

सहा वर्षांपुढे लक्षणं जड असतील तर डॉक्टर मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमोक्सेटिन सुचवतात. मेथिलफेनिडेटने भूक कमी होऊ शकते, झोप उशिरा येऊ शकते, म्हणून सकाळी न्याहारी करून गोळी द्यायची, आणि वजन, उंची, रक्तदाब नोंदवत राहायचं. हे औषध परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि थोड्याच दुकानांत ते मिळतं. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी शोधायला लागा. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर मात्र कोणतंही औषध नाही. तीव्र चिडचिड वा स्वतःला मारणं यांसाठी औषध देतात, तेवढंच.

दोन्ही एकाच मुलात असू शकतात. अमेरिकी निदानसूचीत २०१३पर्यंत ती एकत्र देता येत नव्हती, म्हणून जुन्या अहवालात एकच दिसलं तरी पुन्हा विचारा.

थेरपिस्ट निवडताना

स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागायला संकोच नको. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद राज्याच्या परिषदेकडे असते. पालकांना आत बसू द्या किंवा निदान शेवटची दहा मिनिटं घरचं काम दाखवा, असं सांगा. नाही म्हणाले तर दुसरीकडे पाहा. ‘तीन महिन्यांत तोंडाने बोलेल’ अशी सही करून देणारा माणूस थेरपिस्ट नसतो. ध्येय लिहून घ्या, मोजता येईल असं: ‘सहा आठवड्यांत, दहापैकी सात वेळा चित्र देऊन पाणी मागेल.’

ऑटिझमसाठी मूळपेशी (स्टेम सेल) उपचाराला मान्यता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत तो मान्य उपचारांत नाही, आणि २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही तो उपचार म्हणून नाकारला. तरी लाखोंची पॅकेजं विकली जातात. शरीरातले धातू काढण्याची औषधं आणि प्राणवायूच्या बंद खोल्या त्याच रांगेतल्या. लसीमुळे ऑटिझम होतो, हा १९९८चा लेख नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला. लसी चुकवू नका.

कागद आणि शाळा

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, निव्वळ एडीएचडी नाही. म्हणजे एडीएचडीवर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, मिळत नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिच्यासाठी वेगळी तपासणी होते. ऑटिझममध्ये सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात मंडळापुढे तपासणी. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर बहुतेक सवलती सुरू होतात. लहान वयातलं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विम्याचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो, म्हणून प्रत्येक पावती जपा. शाळेने प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा.

वर्गशिक्षिकेला जाडजूड फाइल देऊ नका, पन्नास मुलांच्या वर्गात ती कोणी वाचत नाही. एक पान द्या. वर मुलाचा फोटो. त्याला काय आवडतं (दोन ओळी). काय सहन होत नाही: घंटेजवळची जागा, मागून हात लावणं. बिनसायच्या आधी तो काय करतो: कान झाकतो, गुणगुणतो. तेव्हा काय करावं: मैदानाकडे एक फेरी, पाण्याची बाटली. बसायला पुढची बाजूची जागा, दार-खिडकीपासून लांब. फळ्यावरचं एका वेळी एकच ओळ. शू लागली हे तो कसं सांगतो. खाली दोन फोन नंबर. हे पान शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात द्या, एक प्रत शाळेच्या मावशींना आणि एक व्हॅनच्या काकांना, आणि बदली शिक्षिका आल्या की पुन्हा एक.